ठक, फास आणि बनिज

मराठीतला ‘ठक’ तसा सौम्य. तो फसवतो, लुबाडतो, पण जीव घेत नाही. ‘ठकास महाठक’ म्हणताना तर आपल्या बोलण्यात थोडे कौतुकच असते. मूळ धातू संस्कृतातला ‘स्थग्’, म्हणजे झाकणे, लपवणे. आज सभा किंवा परीक्षा ‘स्थगित’ होते तो शब्द याच धातूचा, संस्कृतात त्याचा अर्थ ‘झाकलेला’. प्राकृतातून पुढे मराठीत ‘ठक’ झाला, हिंदीत ‘ठग’. शब्दाच्या मुळाशी रक्त कुठेच नाही.

एकोणिसाव्या शतकात मात्र हा शब्द मारेकऱ्यांच्या टोळ्यांना चिकटला आणि इंग्रजीत ‘थग’ होऊन जगभर गेला. या टोळ्यांची सारी मदार लपवण्यावर होती. वाटसरूंशी ओळख काढायची, वाटेतल्या चोरांची भीती घालून सोबत द्यायची, एका तळावर मुक्काम करायचा आणि विश्वास पुरता बसला की रुमालाने गळा आवळायचा. दक्षिणेत त्यांना ‘फांसीगार’ म्हणत. १८१६ साली मद्रासच्या डॉ. शेरवुडने त्यांच्यावर लेख लिहिला तो याच नावाने. ‘पाश’पासून ‘फास’ आणि ‘फास’पासून ‘फाशी’: खुन्याचे हत्यार आणि सरकारने त्याला दिलेली शिक्षा, दोन्ही एकाच घराण्यातली.

या टोळ्यांच्या मागावर असलेल्या विल्यम स्लीमनने १८३६ साली ‘रामासीयाना’ हा ग्रंथ छापला. माफीच्या साक्षीदारांकडून गोळा केलेला त्यांच्या गुप्त ‘रामासी’ बोलीचा कोश त्यात आहे. गळा आवळणारा तो ‘भुरतोट’, गोड बोलून वाटसरूला जाळ्यात ओढणारा ‘सोठा’, खड्डा खणणारा ‘लुघा’. मारण्याचा इशारा म्हणजे ‘झिरनी’. तंबाखूविषयीचे एखादे साधे वाक्यही झिरनी ठरे. आणि ज्याला मारायचे त्या वाटसरूला शब्द होता ‘बनिज’. बनिज म्हणजे व्यापाराचा माल. आपले ‘वाणी’ आणि ‘वाणिज्य’ याच कुळातले. घरी निघालेला शिपाई असो की यात्रेकरू, या बोलीत तो माणूस उरतच नाही. खुन्याचे मन कसे चालते हे विचारणाऱ्याला मी हा एक शब्द वाचायला सांगेन.

पण त्या काळाला मन शोधायचे होते ते डोक्याच्या हाडात. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणाऱ्या फ्रेनॉलॉजीचा तेव्हा बोलबाला होता. १८३० च्या दशकात सागरला फाशी गेलेल्या सात ठगांच्या कवट्या एडिंबरोच्या फ्रेनॉलॉजी मंडळाकडे गेल्या आणि तिथे त्यांची तपासणी झाली. सामान्य वाचकांची ओढ कादंबरीने भागवली. पुढे नळदुर्गचा कारभार पाहिलेल्या मेडोज टेलरने १८३९ मध्ये एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपात कादंबरी लिहिली. राणी व्हिक्टोरियाने तिची पाने छपाई चालू असतानाच मागवून घेतली, असे टेलरने आत्मचरित्रात सांगितले आहे. आज रात्र रात्र जागून खुन्यांच्या मालिका पाहणारा प्रेक्षक त्या वाचकांचाच वारस आहे. मार्क ट्वेन भारतात येऊन गेल्यावर, १८९७ च्या प्रवासवर्णनात, त्याने या ओढीला सरळ हात घातला: मारण्याचा आणि मारताना पाहण्याचा आनंद ही सगळ्याच मानवजातीची खोड आहे, असे त्याने बजावले. मला ते पटते. या कथेत खुन्याला नाव आहे, कुळ आहे, बोली आहे. बनिजांना बहुतेक वेळा नावसुद्धा नाही.

या कुतूहलाची किंमत भलत्यांनी मोजली. १८३६ च्या कायद्याने नुसते ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरवला. अमुक खून केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. गुन्हा कृतीत नसून कुळात असतो, ही समजूत त्यातून बळावली आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात तिने आख्ख्या जमाती गिळल्या. पुढे याच धर्तीच्या कायद्यात महाराष्ट्रातले भामटे, उचले, पारधीही भरडले गेले. पोलिसांकडे हजेरी लावायची, परवान्यावाचून गाव सोडायचे नाही. लक्ष्मण गायकवाडांनी आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले, तेव्हा जातीवर मारलेला शिक्का त्यांनी स्वतःच्या हाती घेतला. त्या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

तो कायदा जाऊन, १९५२ साली या जमाती विमुक्त होऊन, कित्येक वर्षे लोटली. विमुक्त जातींच्या सरकारी यादीत ‘राजपूत भामटा’ हे नाव आहे. तरी ‘भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले’ असे मथळे छापून येतच असतात, आणि ते वाचताना त्या जातीतल्या शाळकरी मुलाला काय वाटत असेल, याचा विचार मथळा लिहिणाऱ्याला शिवत नाही. लबाड, लफंगा, लुच्चा, ठकसेन: फसवणाऱ्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. निदान मथळ्यांतून तरी ‘भामटा’ काढून टाकावा.