हरवलेल्या माणसांचा शोध



आज बोलायचंय कादंबऱ्यांबद्दल, पण सुरुवात करते एका साप्ताहिकापासून. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातून चर्चचं एक साप्ताहिक निघायचं. १८७० च्या दशकाच्या अखेरीस त्यात एक सदर सुरू झालं, हरवलेल्या माणसांचं. पूर्वी गुलाम असलेली माणसं त्यात पत्रं छापायला देत. आईचं नाव काय होतं, मालक कोण होता, कुणाला कुठल्या गावी विकलं, शेवटची भेट कधी झाली, एवढंच त्यात असायचं. चर्चमधल्या पाद्रींना विनंती असायची की ही पत्रं प्रार्थनेला जमलेल्यांना मोठ्याने वाचून दाखवा. कारण ज्यांचा शोध चालला होता, त्यांतल्या कितीतरी जणांना वाचता येत नव्हतं. गुलामाला अक्षरओळख करून देणं दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुन्हाच होता.

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. पण तोवर दोनशे वर्षांचं नुकसान होऊन गेलं होतं. व्हर्जिनियात १६६२ सालीच कायदा झाला होता की मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईवरून ठरेल. म्हणजे गुलाम बाईच्या पोटी जन्मलेलं प्रत्येक बाळ मालकाच्या मालमत्तेत भर घालायचं, मग बाप खुद्द मालक का असेना. गुलामांची लग्नं व्हायची, पण कायदा ती मानत नव्हता. पुढे दक्षिणेकडे कापसाची शेती वाढली, तशी सुमारे दहा लाख माणसं जुन्या राज्यांतून तिकडे नेली गेली, बरीचशी विकून. नवरा एका गाडीत, बायको दुसऱ्या, मूल तिसऱ्याच दारी.

हे ध्यानात ठेवलं, की आफ्रिकी-अमेरिकी बायकांच्या कादंबऱ्यांत घर, आई, बहीण, नवरा हेच पुन्हा पुन्हा का येतं ते उमगतं. आपण घर धरून चालतो. त्यांना ते शोधून, जोडून, राखावं लागलं.

फ्रान्सिस हार्पर ही बाल्टिमोरची. जन्माने स्वतंत्र, पण लहानपणीच पोरकी झालेली. गुलामगिरीविरुद्ध गावोगाव भाषणं देत ती हिंडली. १८९२ साली तिने ‘आयोला लेरॉय’ ही कादंबरी लिहिली. आयोला गोऱ्यांसारखी वाढते, वडील गेल्यावर तिला कळतं की आपली आई त्यांचीच गुलाम होती, आणि तीही विकली जाते. युद्धानंतर ती आईला शोधत फिरते. एक गोरा डॉक्टर तिला मागणी घालतो. होकार दिला असता तर सुखाने राहता आलं असतं, पण आपली माणसं लपवून जगायला ती तयार नाही. त्या साप्ताहिकातल्या पत्रांचीच ही कथा झाली.

मार्गारेट वॉकरला तिच्या आजीने पणजीच्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्यांवर तिने जवळजवळ तीस वर्षं काम केलं, आणि १९६६ साली ‘ज्युबिली’ आली. त्यातली व्हायरी गुलाम, नवरा मात्र स्वतंत्र लोहार. तो म्हणतो, पोरं ठेव आणि माझ्यामागून पळून ये. ती पोरांना घेऊनच निघते, पकडली जाते आणि फटके खाते. पुढे नवरा मेला असं समजून ती दुसरा संसार मांडते, आणि एक दिवस पहिला दारात उभा राहतो. दोघंही भली माणसं. यात दोष कुणाला द्यायचा? दोष त्या बाजाराचा होता, निवाडा मात्र एका बाईला करावा लागला.

टोनी मॉरिसनची ‘बिलव्हेड’ १९८७ ची. तिच्या मुळाशी एक खरी घटना आहे. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर नावाची गुलाम बाई मुलाबाळांसह गोठलेली ओहायो नदी ओलांडून पळाली. पकडायला माणसं आली तेव्हा पोरांना पुन्हा गुलामीत जाऊ द्यायचं नाही म्हणून तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. कोर्टात खल झाला तो ही बाई कुणाची मालमत्ता यावर. मॉरिसनने प्रश्न बदलला. ती विचारते, आईच्या मनात पुढे काय राहिलं असेल? १९९३ साली तिला नोबेल मिळालं.

गुलामगिरी गेली तरी हाल संपले नाहीत. ॲन पेट्रीच्या १९४६ च्या ‘द स्ट्रीट’मधली लुटी गोऱ्यांच्या घरी राहून त्यांचं मूल सांभाळते, आणि इकडे तिचा स्वतःचा संसार मोडतो. मग न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एका कोंदट खोलीत लेकाला वाढवायची धडपड. दुसऱ्याच्या घरचं करता करता आपलं घर उघडं पडणं, हे आपल्यातल्या कितीजणींना वेगळं सांगायला नको.

आता प्रेमाबद्दल. झोरा नील हर्स्टनच्या १९३७ च्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’मधल्या जेनीला आजी लवकर उजवते. आजी गुलामीत राबलेली, म्हणून तिला साठ एकरवाला जावई म्हणजे नातीची सुरक्षा वाटते. नातीला हवी असते बरोबरीची सोबत. दोघींचंही खरं. हे पुस्तक पुढे विस्मरणात गेलं. हर्स्टनने उतारवयात घरकामं केली, आणि १९६० साली फ्लोरिडातल्या एका सरकारी आश्रयगृहात ती वारली. कबरीवर दगडसुद्धा नव्हता.

१९७३ साली ॲलिस वॉकर ही तरुण लेखिका रानगवत तुडवत ती जागा शोधायला गेली. लोकांनी दार उघडावं म्हणून तिने आपण हर्स्टनची भाची असल्याचं सांगितलं, आणि तिथे स्वखर्चाने दगड बसवला. रक्ताचं नातं नव्हतं, पण शोध तोच होता, हरवलेल्या माणसाचा. १९८२ साली वॉकरची ‘द कलर पर्पल’ आली. सेलीला बापाच्या घरी अत्याचार, नवऱ्याच्या घरी मार. बहिणीची पत्रं नवरा वर्षानुवर्षं लपवून ठेवतो. त्या बहिणींचं पुढे काय होतं, ते मी सांगत नाही.

आपल्याकडे हा विषय परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. त्या मुक्तीनंतर तिथल्या बायकांच्या वाट्याला काय आलं, ते या कादंबऱ्या सांगतात.

सुरुवात ‘कलर पर्पल’पासून करा. पत्रांतून लिहिलेली आहे, वाचायला अवघड नाही. ‘बिलव्हेड’ नंतर घ्या, त्यात काळ मागेपुढे होतो. दोन्हींत हिंसा आहे, मनाची तयारी ठेवा. इंग्रजी येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या लेकीला, भाचीला सांगा, रोज दोन पानं वाच आणि मला सांग. ती साप्ताहिकातली पत्रंही अशीच कुणीतरी वाचून दाखवली होती. ज्यांची ताटातूट झाली होती, त्यांतली काही माणसं ती ऐकूनच एकमेकांना सापडली.