वाचनालयाचे कार्ड आणि बद्रुद्दीन तैयबजी

बद्रुद्दीन तैयबजी आपल्या मुंबईचे. 1874 साली अंजुमन-ए-इस्लाम उभी करणाऱ्यांपैकी एक, 1887 च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांच्यावरची भरवशाची नोंद ‘ऑक्सफर्ड डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी’ या चरित्रकोशात आहे. ती घरबसल्या फुकट वाचायची तर ब्रिटनमधल्या एखाद्या गावच्या वाचनालयाचे कार्ड हवे!

तिथली बहुतेक सार्वजनिक वाचनालये या कोशाची वर्गणी भरतात. वाचकाने घरी बसून कार्डाचा नंबर टाकला की कोश उघडतो. तो प्राध्यापक आहे की बसड्रायव्हर, कुणी विचारत नाही. याचे मूळ 1850 च्या कायद्यात आहे. शहरांना वाचनालयासाठी अर्ध्या पेनीचा कर बसवता येऊ लागला. (त्या पैशातून पुस्तके घ्यायची मात्र सोय नव्हती, ती 1855 मध्ये झाली.) तेव्हापासून वाचनालय हा तिथे दिवाबत्तीसारखा गावाचा खर्च झाला.

आपली परंपरा काही कमी नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, त्या कायद्याहून जुने. पण महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्याने वाचनालये अनुदानावर ठेवली, ग्रंथालय कर आलाच नाही. अनुदानात पगार आणि वर्तमानपत्रे भागली तरी पुष्कळ. डेटाबेसची वर्गणी कोण भरणार?

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, सुमारे 13,000 नियतकालिके. चांगलेच झाले. पण पहिला लाभ सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. शाळेतला मास्तर त्यात बसत नाही, तालुक्याचे वाचनालयही नाही.

आणि गरज तर आम्हालाच जास्त. मुसलमानांच्या इतिहासाबद्दल व्हॉट्सअॅपवर रोज काहीबाही फिरते. कधी बदनामी, कधी आपल्याच लोकांनी फुगवलेली बढाई. पोरे वर्गात विचारतात, “सर, हे खरं आहे का?” अशा वेळी जोश कामाचा नाही, पुरावा लागतो. तो ज्या नियतकालिकांत आहे, त्यांच्या एका लेखाची किंमत पाहून हात आखडतो.

तूर्त एक वाट आहे. ‘जेस्टोर’वर फुकट खाते उघडा, महिन्याला 100 लेख ऑनलाइन वाचता येतात. मुंबईच्याच ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’चे जुने अंक तिथे आहेत. पण सगळी नियतकालिके काही तिथे नाहीत. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडणार आहे: पुढच्या टप्प्यात ही वर्गणी निदान जिल्हा ग्रंथालयाच्या कार्डावर, घरून वाचता येईल अशी मिळावी. मसुदा मराठीत तयार आहे, उर्दूतला या जुम्म्यापर्यंत होईल. ज्यांच्या गावात वाचनालय आहे त्यांनी जरूर मागून घ्यावा.