तेरा नंबरची केबिन

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात मामा लष्करी लिलावातला जुना शेव्हरोले ट्रक आणत. मामा चांगले थोराड, तरी आत ऐसपैस बसत. दुसऱ्या महायुद्धातल्या या कॅनडियन गाड्या तर अडचणीच्या म्हणून बदनाम! उलगडा केबिनच्या क्रमांकाने झाला.

गाडी आखूड हवी, माल भरपूर हवा, या ब्रिटिश मागणीपायी इंजिन केबिनमध्ये, चालकाच्या शेजारी आले. ११ आणि १२ क्रमांकांच्या केबिनमध्ये त्याचे पाय आखडत. माणसाचा विचार सर्वांत शेवटी झाला, असे माझे मत. १९४१च्या अखेरीस आलेल्या १३ क्रमांकात जागा वाढली, पेडलही सोयीची झाली. समोरची काच वरून पुढे झुकवली, विमानातून चकाकी दिसू नये म्हणून.

मामांच्या फोटोत काच तशीच झुकलेली आहे. इंजिनाची धग मात्र डाव्या मांडीला शेवटपर्यंत लागायची.