बैरागढचे युद्धकैदी : एक घरगुती आठवण

युद्धाचा इतिहास बहुधा सेनापतींच्या व तहांच्या कागदांवरून लिहिला जातो. खेड्यातील माणसांनी युद्ध कसे पाहिले, हे मात्र वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच ऐकावे लागते आणि ऐकल्यावर पारखूनही घ्यावे लागते.

माझे आजोबा भोपाळ संस्थानात बैरागढनजीकच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. दुसऱ्या महायुद्धात बैरागढ येथे युद्धकैद्यांची मोठी छावणी होती. आजी त्या कैद्यांना अखेरपर्यंत ‘जर्मन’ म्हणे. वस्तुतः ते इटालियन होते. १९४०-४१ मध्ये आफ्रिकेत पकडलेले हजारो इटालियन सैनिक बैरागढ, डेहराडून, योल, बंगलोर येथे आणून ठेवले होते. परंतु नाव चुकले म्हणून आठवण खोटी ठरत नाही.

दिवस टंचाईचे होते. रॉकेल मिळेना, कापड मिळेना. १९४३ पासून मध्ये भोक असलेला पैसा चालू झाला होता. उलट, कैद्यांचा शिधा आपल्या सैनिकांच्या तोडीचा असावा, असे १९२९ च्या जिनीव्हा कराराचे बंधन सरकारवर होते. “शत्रू पोटभर जेवतो आणि आम्ही उपाशी,” अशी कुरकूर गावात चाले, ती अकारण नव्हती.

आजीचा भाऊ मराठा पलटणीत होता; मार्च १९४१ मध्ये इरिट्रियातील केरेनच्या लढाईत तो पडला. पुढे एकदा पहाऱ्यात कामावर निघालेल्या कैद्यांपैकी एकाने विहिरीपाशी खुणेने पाणी मागितले. आजीने त्याला ताक दिले. पणजोबा संतापले, “आपल्या पोराचे मारेकरी हे!” आजी एवढेच म्हणाली, “मामंजी, त्याला शेवटी कुणी पाणी दिलं असेल का, हेच मनात आलं.”

या प्रसंगाला दुसरी बाजू आहे. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शरणागती जाहीर झाल्यावर तेथील छावण्यांतून निसटलेल्या दोस्त सैनिकांना इटालियन शेतकऱ्यांनी जिवावर उदार होऊन आसरा दिला. आव्हेत्सानो येथे तर हिंदी कैद्यांचीच छावणी होती. १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले, तेही इटलीच्याच भूमीवर.

१९४७ नंतर बैरागढच्या त्याच बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार थाटले. आज त्या वस्तीला संत हिरदाराम नगर म्हणतात. तारा गेल्या, कैदी गेले. शत्रुत्व राज्यांनी जाहीर केले होते; ते विहिरीपर्यंत न्यावयाचे की नाही, हे मात्र आजीने स्वतः ठरविले. विद्यार्थ्यांना इतिहास शिकविताना हा भेद सांगावयास आपण विसरू नये.