जुन्या हेवी-ड्युटी पिकअपचे मागचे ब्रेक अपग्रेड कसे करतात? ड्रम, व्हील सिलिंडर की डिस्क

यूट्यूबवर अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ बघत असाल, तर 1994 ते 2002 च्या डॉज रॅम 2500 आणि 3500 या गाड्या नक्कीच दिसल्या असतील. 5.9 लिटरचं कमिन्स डिझेल इंजिन, मागे भला मोठा ट्रेलर. इंजिन अजून दणकट आहे, पण यातल्या बहुतेक गाड्यांना मागे ड्रम ब्रेक आहेत. लोड भरून उतारावर आलं की पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही, ही मालकांची नेहमीची तक्रार. म्हणूनच 'रिअर ब्रेक अपग्रेड' हा विषय तिकडे इतका चालतो.

मागचे ब्रेक कंपनीनेच कमी जोराचे का ठेवले?

ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. पिकअप रिकामी असेल तर हौद्यात वजनच नसतं. अशा वेळी मागचा ब्रेक जोरदार लागला तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडीचं ढुंगण फिरतं. म्हणून मागच्या लाइनमध्ये प्रेशर कमी ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह असतो. म्हणजे इथे तडजोड आहे. भरलेल्या गाडीला जे कमी पडतं, ते रिकाम्या गाडीला जास्त होऊ शकतं.

आधी आहे तो ब्रेक नीट करा

खरं सांगायचं तर अनेक गाड्यांना अपग्रेडची गरजच नसते. ड्रममधला सेल्फ-अ‍ॅडजस्टर गंजून अडकलेला असतो. हा अ‍ॅडजस्टर गाडी रिव्हर्समध्ये असताना ब्रेक मारला की काम करतो. तो अडकला की शू आणि ड्रममधली गॅप वाढत जाते आणि पेडल खोल जातं. दुसरं म्हणजे हबचा सील लीक होऊन गिअर ऑइल शूवर येतं. तेल प्यायलेले लाइनर पुसून चालत नाहीत, बदलावेच लागतात, आणि सीलही.

शू बसवताना एक चूक फार होते. पुढच्या बाजूच्या शूचा लाइनर लहान असतो, मागच्याचा मोठा. उलट बसले तर ब्रेक कमजोर लागतो. म्हणून एका वेळी एकच बाजू खोला आणि खोलण्याआधी मोबाईलवर स्प्रिंगचे फोटो काढून ठेवा. दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते. आतली धूळ मात्र हवा मारून उडवू नका. जुन्या लाइनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ब्रेक क्लीनरने ओली करूनच काढा.

मोठा व्हील सिलिंडर: स्वस्तातली युक्ती

या रॅममध्ये शेव्हरोलेच्या एक टनी ट्रकचे मोठे व्हील सिलिंडर बसवण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. यामागचं गणित सोपं आहे: जोर = प्रेशर × पिस्टनचं क्षेत्रफळ. समजा, 1 इंचाचा (25.4 मिमी) सिलिंडर काढून 1 3/16 इंचाचा (30.2 मिमी) बसवला. व्यास 19 टक्केच वाढला, पण क्षेत्रफळ 507 वरून 716 चौरस मिमी झालं. तेवढ्याच प्रेशरला शूवर सुमारे 41 टक्के जास्त जोर!

पण फुकट काहीच मिळत नाही. पिस्टन तेवढाच सरकवायला ब्रेक ऑइलही 41 टक्के जास्त लागतं, म्हणजे पेडल थोडं खोल जाणार. शू घट्ट अ‍ॅडजस्ट केले नसतील तर हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय रिकाम्या गाडीत, पावसात मागची चाकं लवकर लॉक होणार. या गाड्यांमध्ये मागच्या चाकांसाठी एबीएस असतं, ते चालू स्थितीत नसेल तर हे काम करूच नये.

डिस्क बसवली तर?

डिस्क लवकर थंड होते आणि पाण्यातून गेल्यावरही लवकर पूर्ववत होते. लांब घाटात, तापलेल्या ब्रेकवर, फायदा खरा आहे. मात्र काम मोठं आहे. अ‍ॅक्सलचे दांडे आणि हब काढावे लागतात. कॅलिपरला ड्रमपेक्षा जास्त ऑइल लागतं, त्यामुळे मास्टर सिलिंडर पुरेल का हे तपासावं लागतं. ड्रमसाठी लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असेल आणि तो तसाच राहिला, तर पॅड सतत घासत राहतात. आणि हँडब्रेक! काही किटमध्ये तो येतच नाही. लोड असलेली गाडी चढावर फक्त गिअरवर उभी ठेवायची कल्पनाच करून बघा.

कुठलंही काम केलं तरी लाइनमधली हवा पूर्ण काढा. पहिली चाचणी मोकळ्या जागेत, कमी स्पीडला, आधी रिकामी आणि मग भरलेली गाडी घेऊन करा. जड ट्रेलरचे ब्रेक वेगळे असतात, त्यांचं काम पिकअपच्या मागच्या ब्रेकवर टाकता येत नाही.

आपल्याकडच्या बोलेरो पिकअपलाही मागे ड्रमच आहेत, त्यामुळे हे सगळं वाचून हात शिवशिवतील. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही. शू, सील, सिलिंडर कंपनीच्याच मापाचे नवे टाकायला अडचण नाही. मोठा सिलिंडर किंवा डिस्क किट टाकायचा विचार असेल, तर आधी आरटीओत विचारा.