किल्ल्याचा रंग

मंडळी, दिवाळी जवळ आली की कात्रपला चाळींच्या अंगणांत आणि इमारतींच्या आवारांत मातीचे ढीग दिसू लागतात. मुलांचे किल्ले उभे राहायचे असतात. बुरूज होतात, तट होतो, आणि मग कुणीतरी बाजारातून चकचकीत रंगांच्या पुड्या घेऊन येतो. इथे घटकाभर थांबा.

कात्रपहून माथेरानच्या रांगेकडे पाहा. चंदेरीचा सुळका काळ्या कातळाचा. पण दुरून तो काळा दिसतो का? निळसर करडा दिसतो. आता हिशेब करा. १:५०० प्रमाणाचा किल्ला दोन मीटरवरून पाहिला, म्हणजे खरा किल्ला एक किलोमीटरवरून पाहिल्यासारखे झाले. तेव्हा नुसते काजळ फासू नका. त्यात खडूची पूड आणि चिमूटभर नीळ मिसळा. दक्षिण कोकणातला जांभ्याचा कोट करायचा असेल, तर मात्र गेरूच हवा.

हे रंग काही आजचे नव्हेत. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती आणि काजळ यांवरच बहुतेक काम भागवले. निळ्यासाठी तेवढा राजावर्त हा दगड पार अफगाणिस्तानाकडून आणावा लागे. पुढे १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये गिमे नावाच्या रसायनज्ञाने तोच निळा रंग भट्टीत तयार केला, आणि राजेलोकांचा रंग धुण्याच्या बादलीत आला! आपली जुनी पूड-नीळ ती हीच.

पण सगळेच जुने रंग निर्धोक होते, असे समजू नका बरे. पोथीत चूक झाली की लेखक त्यावर पिवळी हरताळ लावीत. ‘हरताळ फासणे’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. ती हरताळ म्हणजे सोमलाचे संयुग. हिंगुळात पारा, अस्सल शेंदरात शिसे, जुन्या सफेद्यातही शिसेच. मोठी माणसे जपून वापरीत असतील. पण मूल रंगाचा हात तसाच फराळाच्या ताटाला लावते. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते, आणि तो अपाय पुढे भरून येत नाही. म्हणून तर भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम लागू झाला. डब्यावर ते वाचता येते. सुट्या पुडीवर काय वाचणार?

तेव्हा गुरुजी, मुलांकडून रंग घरीच करून घ्या. गेरू कुटून पाण्यात ढवळा. क्षणभर थांबा, खर तळाशी बसेल. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. रात्रभरात त्यात जो साका बसेल, तोच खरा रंग. बाभळीचा डिंक आदल्या दिवशी भिजवून, गाळून त्यात घाला. काजळ पाण्यात नुसते तरंगते, म्हणून ते आधी डिंकाच्या पाण्याबरोबर खलून घ्यावे लागते. डिंक जास्त झाला तर रंग चकाकतो आणि तडकतो. दगड कुठे चकाकतो? कमी झाला तर हाताला लागतो. आधी वाळलेल्या मातीच्या ढेकळावर एक पट्टा ओढा, सुकू द्या आणि बोट फिरवा. बोट कोरडे निघाले, की मग बुरुजाला हात घाला.