ताठ आणि सैल

मोटारसायकलच्या इतिहासात पट्ट्याच्या वाट्याला सहसा एखाद-दुसरे वाक्य येते. आरंभी चामड्याचा पट्टा होता, पुढे साखळी आली आणि पट्टा मागे पडला, असे ते वाक्य. ते खोटे नाही. मात्र साखळी अधिक बळकट होती म्हणून जिंकली, असा जो अर्थ त्यातून काढला जातो तो मला अपुरा वाटतो. पट्टा हरला तो बळावर नव्हे, ताणावर.

साखळीचे दुवे दात्यांत अडकतात. ती थोडी सैल पडली तरी खडखडत का होईना, चाक फिरवते. जुना पट्टा केवळ घर्षणावर चालत असे. तो पुलीला जितका आवळून धरील तितकीच शक्ती मागच्या चाकापर्यंत पोहोचणार. सैल पडला की इंजिन धडधडते आणि गाडी जागच्या जागी. फार ताठ केला तर बेअरिंग झिजतात आणि पट्टाही लवकर तुटतो. पिठाच्या गिरणीत फिरत्या पट्ट्याला राळ लावताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. पण गिरणी छपराखाली एका जागी उभी असते. मोटारसायकलला पाऊस, चिखल आणि चढ यांतून जायचे होते, आणि चामडे भिजले की घसरते, ताणते, लांबते.

गंमत अशी, की हाच सैलपणा काही काळ उपयोगी पडला. हार्ले-डेव्हिडसनच्या सुरुवातीच्या गाड्यांना आजच्या अर्थाने क्लच नव्हता. पट्ट्यावर दाब देणारी एक मोकळी पुली होती आणि ती सरकवायला हाताशी एक दांडा. दांडा ओढला की पट्टा ताठ आणि गाडी चालू; सोडला की पट्टा सैल, इंजिन चालू पण गाडी उभी. ताण हाच क्लच! चालवणाऱ्याच्या तळहाताला पट्ट्याची प्रकृती रोज कळत असणार.

इंग्लंडमध्ये प्रचार होता तो इंग्रजी 'व्ही'च्या आकाराच्या पट्ट्याचा. तो पुलीच्या खाचेत रुतून बसे, त्यामुळे सपाट पट्ट्यापेक्षा पकड चांगली; पण लांबण्याचा दोष तोच. पट्ट्याची दोन टोके धातूच्या आकड्याने जोडलेली असत. लांबला की रस्त्याच्या कडेला बसायचे, आकडा काढायचा, टोकाचा बोटभर तुकडा कापायचा, नवे भोक पाडायचे आणि पुन्हा जोडायचे. २८ मे १९०७ रोजी आयल ऑफ मॅन बेटावर पहिली टूरिस्ट ट्रॉफी शर्यत झाली. एका सिलिंडरच्या वर्गात चार्ली कोलियर मॅचलेसवर जिंकला, दोन सिलिंडरच्या वर्गात रेम फाउलर नॉर्टनवर. फाउलरच्या त्या विजयाची हकीकत वाचताना शर्यतीपेक्षा दुरुस्तीचीच कथा वाचल्यासारखे वाटते: स्पार्क प्लग बदलणे, पट्ट्याच्या तक्रारी, भर वेगात फुटलेला टायर. कोलियरच्या गाडीला तर पायडलही होती, म्हणजे चढावर पट्ट्याला माणसाच्या पायांची मदत. १९०८ मध्ये या शर्यतीत पायडलना बंदी आली.

चढाचे दुखणे गिअर नसल्याचे होते, हे सर्वांना दिसत होते. खाचेच्या दोन भिंती जवळ आणल्या की पट्टा वर चढतो, लांब नेल्या की खाली उतरतो, आणि गिअरचे प्रमाण बदलते. एवढ्यापर्यंत सोपे. परंतु पट्टा पुलीत खाली उतरला की तो सैल पडतो! झेनिथ कंपनीच्या फ्रेडी बार्न्सने यावर काढलेला तोडगा मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत देखणा वाटतो. टाकीजवळची एक मूठ फिरवली की इंजिनाची पुली उघडे किंवा मिटे आणि त्याच वेळी मागचे अख्खे चाक पुढे-मागे सरके. पट्टा प्रत्येक प्रमाणात तेवढाच ताठ. 'ग्रॅड्युआ' नावाची ही योजना चढाच्या स्पर्धांत इतकी सरस ठरली, की काही आयोजकांनी झेनिथला प्रवेशच नाकारला. कंपनीने मग 'बार्ड', म्हणजे 'प्रवेश निषिद्ध', हा शब्दच आपल्या व्यापारचिन्हात घेतला. जाहिरातीचा असा खवचटपणा आज क्वचितच दिसेल.

रजने आपल्या 'मल्टी' गाडीत चाक न सरकवता तेच साधले. पुढची पुली मिटली की मागची उघडे, म्हणून पट्ट्याची लांबी दोन्हींत मिळून जुळत राही.

१९११ मध्ये टूरिस्ट ट्रॉफी स्नेफेल डोंगरावरून जाणाऱ्या लांब मार्गावर गेली आणि सीनियर शर्यतीत साखळीच्या इंडियन गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक घेतले. पट्ट्याचा मृत्युलेख साधारणपणे इथे लिहिला जातो. पण तीनच वर्षांनी, १९१४ मध्ये, त्याच डोंगरावर सीनियर शर्यत सिरिल पुलिनने जिंकली ती रज मल्टीवर, म्हणजे पट्ट्यावर. बळ कमी पडले असते तर हे घडले नसते. ज्या गाडीने ताणाचा प्रश्न सोडवला ती जिंकली. इतरांच्या पट्ट्यांना मात्र रस्त्याच्या कडेला कापून जोडावेच लागत होते. पहिल्या महायुद्धात हजारोंनी वापरली गेलेली ट्रायम्फची 'मॉडेल एच' (१९१५) या संधिकाळाची खरी खूण आहे: इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत साखळी, तिथून चाकापर्यंत पट्टा. १९२० चे दशक संपेपर्यंत पट्टा जवळजवळ दिसेनासा झाला.

तो परतला तो दाते घेऊन. दात्यांचा रबरी पट्टा १९४० च्या दशकात अमेरिकेत शिलाई यंत्रासाठी घडवला गेला. १९६५ मध्ये ड्यूपॉन्टच्या स्टेफनी क्वोलेक यांनी ज्या तंतूचा शोध लावला, त्या केव्हलारसारख्या तंतूंनी त्याला न ताणण्याचा गुण दिला. १९८० च्या हार्ले-डेव्हिडसन 'स्टर्जिस'वर असे दोन पट्टे होते. येथे घर्षणाचे राज्य संपले. तरीही ताण तपासणे सुटले नाही. सैल पट्टा दाता चुकवून उडी मारतो, ताठ पट्टा गिअरबॉक्सच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर भार टाकतो. म्हणून गाडी थंड असताना, न्यूट्रलमध्ये, पट्ट्याच्या खालच्या पदराच्या मध्यावर मापकाने सुमारे साडेचार किलोचा दाब द्यायचा आणि पट्टा किती सरकतो ते पाहायचे. किती सरकावा, ते प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. चाक थोडे थोडे फिरवून अनेक ठिकाणी मोजायचे, कारण पट्टा सगळीकडे सारखा ताठ कधीच नसतो, आणि जुळवणी करायची ती सर्वांत ताठ जागी. आसाचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच फिरवायचे, नाहीतर चाक तिरके बसते. बार्न्सने मुठीने जे चाक सरकवले, तेच आज पान्याने सरकवायचे, फक्त क्वचित.

आपल्याकडे मात्र पट्टा आला तो वेगळ्याच वाटेने. पुण्याच्या फिरोदियांनी होंडाच्या सहकार्याने १९८४ मध्ये आणलेल्या कायनेटिक होंडाला गिअर नव्हते. वेग वाढला की पुढची पुली आपोआप मिटे, मागची स्प्रिंगच्या जोराविरुद्ध उघडे, आणि तीच स्प्रिंग पट्ट्याला ताठ ठेवी. रज मल्टीचीच युक्ती, पण हाताला कामच न ठेवलेली. ती चालवणाऱ्या माझ्या पिढीतील अनेकांनी आपल्या गाडीचा पट्टा पहिल्यांदा पाहिला तो तुटल्यावर, मेकॅनिकच्या हातात.